हुनवार्टरावांच्या शालिनीताई

‘माझ्याकडे एक काउंट आहे,’ असं शालिनीताई उमाठे मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. मी हातातली सॅलडची प्लेट सांभाळत नुसती मान हलवली. शिकागोच्या बाहेरच्या आमच्या लहानशा कॉलेजात नव्या प्राध्यापकांसाठी जेवण होतं. मी संख्याशास्त्र शिकवायला नुकताच रुजू झालो होतो आणि कोणीतरी ‘तुमच्याच भागातल्या एक बाई इथे आहेत’ म्हणत मला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं होतं. मी सांगलीचा, त्या अमरावतीच्या. अमेरिकेत एवढं अंतर ‘तुमच्याच भागातलं’ धरतात.

‘काउंट म्हणजे?’ मी विचारलं.

‘म्हणजे सरदार. हुनवार्ट त्याचं नाव. तुम्ही ऐकलं नसेल. कोणीच ऐकलेलं नाही.’

हे त्यांनी कुरकुर म्हणून सांगितलं नाही. उलट त्यात थोडा तोराच होता, आपल्या गल्लीतलं एखादं चांगलं दुकान अजून लोकांना कळलेलं नाही याचा असतो तसा.

हा हुनवार्ट हजार-बाराशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या बव्हेरियात कुठेतरी होऊन गेला. राजा नव्हे, सेनापती नव्हे, संतही नव्हे. त्यानं लढाई जिंकल्याचं कोणाला माहीत नाही आणि हरल्याचंही नाही. त्या काळी कोणी मठाला जमीन दिली की भिक्षू दानपत्र लिहून ठेवत आणि खाली साक्षीदारांची नावं घालत. त्या साक्षीदारांत हा अधूनमधून दिसतो. एकदा एका पाणचक्कीवरून मठाशी भांडतो आणि हरतो. एकदा एक कुरण दान करतो. मग त्याची बायको विधवा म्हणून द्राक्षमळा दान करते, म्हणजे मधे कधीतरी तो गेला. संपलं. एवढ्या भांडवलावर शालिनीताईंनी पीएचडी केली, नोकरी मिळवली, आणि माझी ओळख झाली तेव्हा त्या कितीतरी वर्षं त्याचं चरित्र लिहीत होत्या.

अमरावतीच्या मुलीला हा माणूस भेटला कुठे, हा प्रश्न त्यांना सगळेच विचारत. ‘फ्रेंचचा वर्ग भरला होता ना बाप्पा,’ एवढंच त्या सांगत. जर्मनच्या वर्गात जागा होती, म्हणून जर्मन. मग शिष्यवृत्ती, मग अमेरिका, मग ग्रंथालयातल्या एका कपाटात छापलेल्या दानपत्रांचे जाडजूड खंड, आणि त्यांत हुनवार्ट. मोठमोठ्या राजांमागे पुष्कळ लोक लागलेले होते. याच्यामागे कोणीच नव्हतं, म्हणून त्यांनी याला घेतलं. अनाथाश्रमात जाऊन सगळ्यात गप्प बसलेलं पोर निवडणाऱ्या बायका असतात, त्यांतल्या त्या.

ठेंगण्या, काटक, सुती कुडता आणि खाली बर्फातले जाड बूट. थंडी सरली तरी बूट मे महिन्यापर्यंत पायात असायचे. डब्यात ज्वारीची भाकरी आणि लाल ठेचा. तो ठेचा मायक्रोवेव्हमध्ये गरम झाला की इतिहास विभागातले लोक दाराशी येऊन डोळे पुसत. बोलायला मोकळ्या, पण एक खोड अशी होती की समोरचा माणूस जेरीस यायचा. कोणी काही ठामपणे म्हणालं की त्या विचारत, ‘कशावरून?’

एकदा सकाळी त्यांच्याबरोबर कॉलेजला चालत जाताना मी सहज म्हणालो, ‘रात्री पाऊस पडलेला दिसतोय.’

‘कशावरून?’

‘अहो, रस्ता ओला आहे.’

‘मग तेवढंच म्हणा ना. रस्ता ओला आहे.’

मी मनातल्या मनात त्यांना दोन शब्द सुनावले. पुढच्या वळणावर नगरपालिकेचा रस्ते धुणारा ट्रक दिसला.  शालिनीताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते जास्त झोंबलं.

घरी त्यांचे यजमान विनायकराव म्हणजे दुसरं टोक. नाशिकचे, यंत्रांची डिझाइन करण्यात आयुष्य गेलेले, निवृत्त झालेले, आणि गप्पा सुरू केल्या की त्यात अंदाज, तर्क, ऐकीव, सगळं बेधडक मिसळणारे. हुनवार्टला ते ‘हुनवार्टराव’ म्हणत. मी जेवायला गेलो की म्हणायचे, ‘या माने, बसा. त्या खुर्चीवर नको, ती हुनवार्टरावांची.’ आणि खरोखरच त्या खुर्चीवर फोटोकॉपींचे गठ्ठे असायचे. ‘आमच्या लग्नात तिघं होतो,’ असंही एकदा म्हणाले. शालिनीताई पोळी वाढता वाढता म्हणाल्या, ‘तो निदान ऐकून तरी घेतो.’

एका वर्षी इथल्या मराठी मंडळानं गणपतीत त्यांचं व्याख्यान ठेवलं. पत्रिकेवर कोणी उत्साहानं छापलं, ‘जर्मनीतील एक विसरलेला वीर’. शालिनीताईंनी फोन करून ‘वीर’ कॅन्सल करायला लावलं, कारण वीर असल्याचा पुरावा नव्हता. सरदाराची गोष्ट म्हणून लोक मुलाबाळांसह आले होते. ताईंनी मिळालेला सगळा वेळ हुनवार्टबद्दल काय काय माहीत नाही हे सांगण्यात घालवला. जन्म कधी, माहीत नाही. आईबाप, माहीत नाही. दिसायला कसा, माहीत नाही. मुलं होती का, माहीत नाही. प्रसादाच्या मोदकांचा वास यायला लागला होता आणि माणसं खुर्चीत सरकत होती. शेवटी निळ्या ब्लेझरमधले एक काका उठले.

‘मॅडम, रागावू नका, पण मग तुम्ही इतकी वर्षं नक्की केलं काय?’

हॉलमध्ये हशा झाला. शालिनीताईही हसल्या. मग म्हणाल्या, ‘त्याच्याबद्दल कोणी खोटं सांगू नये म्हणून लक्ष ठेवलं.’

काका बसले. टाळ्या बेताच्याच पडल्या. मला मात्र त्या उत्तराचा त्या दिवशी फार अभिमान वाटला, आणि माझं त्यात काहीच नसताना मी दोन मोदक जास्त खाल्ले.

माझ्यावरचा त्यांचा सगळ्यात मोठा अत्याचार वर्गातला. हुनवार्टच्या प्रदेशात साक्षीदाराचा कान ओढायची पद्धत होती. जमिनीचा व्यवहार झाला की साक्षीदारांना रांगेत उभं करून एकेकाचा कान धरून खेचायचे, म्हणजे तो प्रसंग त्यांना जन्मभर आठवावा. दानपत्रांत तसं लिहिलेलंच असतं, अमुक अमुक साक्षीदार, कान ओढलेले. हे विद्यार्थ्यांना नुसतं सांगून कळत नाही असं ताईंचं म्हणणं. पण अमेरिकेत विद्यार्थ्याच्या कानाला हात लावला तर दुसऱ्या दिवशी नोकरी नाही. म्हणून त्या मला बोलवायच्या.

‘धिस इज प्रोफेसर माने,’ त्या वर्गाला सांगायच्या. ‘ही हॅज साइन्ड नथिंग, बट ही इज माय फ्रेंड.’ आणि पुढच्या क्षणी माझा कान त्यांच्या चिमटीत. नाटक म्हणून नव्हे, चांगला खेचायच्या. अमरावतीच्या शाळेत कुठल्या बाईंकडून शिकल्या होत्या कोण जाणे. वर्ग हसून लोळायचा. दरवर्षी, नव्या वर्गासमोर, तोच कान.

आमचे वाद कॉफीवर चालायचे. त्यांना माझा विषय चोरीचा वाटायचा. ‘तुमच्यात एखाद्या माणसाची माहिती मिळाली नाही तर काय करता?’ त्यांनी एकदा विचारलं.

‘आजूबाजूच्या माणसांवरून अंदाज काढतो आणि भरतो.’

‘भरता? आणि लोक चालवून घेतात?’

‘चालवून घेतात म्हणजे? त्याशिवाय जगाचं चालत नाही, ताई. विमा कंपन्या, दवाखाने, सगळे भरतात.’

‘आम्ही जागा मोकळी सोडतो,’ त्या म्हणाल्या. ‘वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे की इथे मोकळं आहे.’

एका प्रकाशकाला त्यांचं पुस्तक हवं होतं. अट एकच, शेवटच्या प्रकरणात हुनवार्टचा मृत्यू रंगवा. हिवाळा, मेणबत्त्या, उशाशी बायको, असं काहीतरी. शालिनीताईंनी दोन ओळींचं उत्तर पाठवून विषय संपवला. विनायकराव हळहळले. ‘अहो, कुठल्या तरी हिवाळ्यातच मेला असेल बिचारा,’ ते म्हणाले. ताई म्हणाल्या, ‘उन्हाळ्यात मेला असेल तर?’

त्यांना एकच मुलगा, निनाद. इथेच जन्मलेला, सांता क्लाराला एका सॉफ्टवेअर कंपनीत. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. उंच, मिशीदार, हसरा. मला ‘मानेकाका’ म्हणून हाक मारायचा आणि पुढचं सगळं इंग्रजीत. आईला चिडवायचा, ‘आई, युवर काउंट इज बेसिकली अ नेम ऑन अ मेलिंग लिस्ट.’ हे वाक्य ताई कौतुकानं सगळ्यांना सांगायच्या. पण हुनवार्ट जिथे जिथे दिसतो त्या गावांचा नकाशा संगणकावर त्यानंच करून दिला होता, सुट्टीच्या दिवशी बसून, न सांगता. आईसारखाच होता तो. फक्त त्याला कागदांऐवजी डोंगर लागायचे.

एका ऑक्टोबरात शनिवार-रविवारसाठी तो एकटाच सिएराच्या डोंगरात गेला. शुक्रवारी वडिलांना फोनवर म्हणाला, ‘बाबा, आय विल कॉल यू संडे नाइट.’ रविवारी फोन आला नाही. सोमवारी तो ऑफिसात नव्हता. वाट जिथून सुरू होते तिथल्या पार्किंगमध्ये त्याची गाडी सापडली, कुलूप लावलेली, मागच्या सीटवर बदलायचे कपडे घडी करून ठेवलेले. वर डोंगरात त्या वर्षीचा पहिला बर्फ वेळेआधीच पडला होता. हेलिकॉप्टर फिरलं, कुत्री आली, स्वयंसेवक आले. मग आणखी बर्फ पडला आणि शोध थांबवला. वसंतात पुन्हा केला. काही मिळालं नाही. बॅग नाही, बूट नाही, काहीच नाही.

दोघं तिकडे जाऊन एका मोटेलात राहिले आणि परत आले. परत आल्यावरच्या सोमवारी शालिनीताई वर्गावर गेल्या. लोक म्हणाले, काय धीराची बाई आहे. मला तो धीर वाटला नाही. बर्फात बोटं बधिर होतात तेव्हा ती दुखत नाहीत, तसं काहीतरी ते होतं. त्या डबा आणायच्या आणि खायच्या. विद्यार्थ्यांचे पेपर वेळेवर तपासून द्यायच्या. कोणी मिठी मारली तर मारू द्यायच्या, हात खाली सोडून. डोळ्यांत पाणी मी पाहिलं नाही. हुनवार्टचं नाव त्या वर्षी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही आणि माझा कानही कोणी ओढला नाही.

कोणी सांत्वनाला आलं आणि ‘देवानं फार लवकर नेलं’ म्हणालं की त्या शांतपणे सांगत, ‘गाडी सापडली आहे. तो सापडलेला नाही. एवढंच आहे.’ आलेला माणूस गडबडायचा. विनायकराव उठून आत जायचे.

विनायकरावांचा फुगा फुटला होता. गप्पा संपल्या. मी शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून त्यांची भाजी, पीठ आणून द्यायचो तेव्हा ते दार उघडायचे आणि पिशवी घेऊन तसेच उभे राहायचे, आता पुढे काय करायचं असतं हे आठवत नसल्यासारखे. हृदयाचा त्रास जुना होता, तो वाढला. त्यांना एकच गोष्ट हवी होती. मुलाचं क्रियाकर्म करायचं होतं. देवळातल्या गुरुजींना त्यांनी विचारून ठेवलं होतं. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून विधी करतात. शास्त्रात वाट पाहायला सांगितलेलं आहे, पण अशा बाबतीत घरच्यांनी ठरवलं तर करता येतं, गुरुजी म्हणाले होते. फक्त आईवडिलांचं एकमत पाहिजे.

एका शनिवारी विनायकरावांनी मला बसवून घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघं. मी असलो तर ताई ऐकतील असं त्यांना वाटलं असावं.

‘मला त्याचं करायचं आहे, शालू. माझ्या हातानं. मी गेल्यावर कोण करणार आहे?’

शालिनीताई भेंडी पुसत होत्या. ‘तुम्ही केलं की तो गेला,’ त्या म्हणाल्या.

‘तो गेलेलाच आहे.’

‘कशावरून?’

या शब्दाला आम्ही इतकी वर्षं हसत आलो होतो. विनायकरावांचा चेहरा मला पाहवला नाही. ते म्हणाले, ‘अगं, बर्फ होता. एवढा बर्फ. अंगावर एक जॅकेट.’

‘बर्फ होता. जॅकेट होतं. ते मला माहीत आहे.’ त्यांनी एकेक भेंडी पुसून बाजूला ठेवली. ‘मी तुम्हाला नाही म्हणत नाही. पण मला हो म्हणायला लावू नका.’

मला त्यांचा राग आला. खरंच आला. समोर हा माणूस झिजत चालला होता आणि त्याला फक्त मुलाच्या नावानं चार मंत्र म्हणायचे होते. पुराव्याचा एवढा कसला सोस, असं मनात आलं. मी निघालो तेव्हा त्या गाडीपर्यंत आल्या. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार.

‘माने, हुनवार्ट कोणत्या दिवशी गेला ते कोणालाच माहीत नाही,’ त्या म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी ते नाव त्यांनी घेतलं. ‘ते कुरण देतो तेव्हा जिवंत आहे. मग मधे काहीच नाही. मग ती बाई मठात येते, माणसांसमोर उभी राहते आणि म्हणते, माझ्या मेलेल्या नवऱ्यासाठी. त्या दिवसापासून तो मेलेला. ती म्हणेपर्यंत नव्हता. मी इतकी वर्षं ते वाचून राहिले, आणि मला कधी वाटलं नाही की ते म्हणणं तिला किती जड गेलं असेल. चार मैल चालून आली असेल, दहा मैल आली असेल, काय माहीत. पण कोणीतरी म्हणावं लागतं. मला नाही ते म्हणायचं.’

मी गाडी सुरू केली. आरशात त्या ड्राइव्हवेवर उभ्या दिसल्या, हातात भेंडी पुसायचं फडकं तसंच.

त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही, पण संपलाही नाही. ते दोघं एकमेकांशी फार चांगलं वागायचे, आणि ते बघणं कठीण होतं. विनायकराव सकाळी त्यांना चहा करून द्यायचे. त्या त्यांच्या गोळ्या काढून ठेवायच्या. मधे ती एक गोष्ट पडलेली होती आणि दोघंही तिला वळसा घालून जायचे.

पुढच्या वसंतात एकदा शालिनीताई माझ्या ऑफिसात आल्या आणि दार लावून घेतलं. बसल्या नाहीत.

‘तुमच्या पद्धतीनं एकदा ती जागा भरा,’ त्या म्हणाल्या.

मला लगेच समजलं आणि मी न समजल्यासारखं केलं. ‘कुठली, ताई?’

‘वय, उंची, तब्येत तुम्हाला माहीत आहे. किती बर्फ, किती थंडी, ते सगळं लिहिलेलं असतं. असे किती हरवतात आणि किती सापडतात हेही कोणीतरी मोजलं असेल. सांगा.’

मला ते उत्तर काढायची गरजच नव्हती. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं ते सांगितलं असतं. मी टेबलावरच्या पेन्सिली सरळ केल्या. ‘आमचं शास्त्र पुष्कळ माणसांबद्दल बोलतं,’ मी म्हणालो. ‘एका माणसाबद्दल नाही बोलत.’

हे खरंच आहे, पुस्तकात लिहिलेलं आहे.  ‘म्हणजे तुमच्याकडेही मोकळीच जागा आहे,’ त्या म्हणाल्या. बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. त्या वर्गावर निघून गेल्या.

त्याच वर्षी हिवाळ्यात विनायकराव गेले. सकाळी गाडी काढायला म्हणून फावडं घेऊन बर्फ ओढायला बाहेर पडले. डॉक्टरांनी बजावलेलं होतं, ताईंनी बजावलेलं होतं, शेजारचा माणूस मशीन घेऊन येणार होता. तरीही गेले. गॅरेजच्या दाराशी पडलेले शेजाऱ्याला दिसले. हॉस्पिटलात मी पोचलो तेव्हा शालिनीताई कॉरिडॉरमध्ये कोट न काढता बसल्या होत्या. मला म्हणाल्या, ‘यांची जायची वेळ डॉक्टरांनी मिनिटासकट सांगितली.’ आणखी काही नाही.

अंत्यविधी शहराबाहेरच्या एका फ्युनरल होममध्ये होता. गालिचे, मंद दिवे, कोपऱ्यात पाण्याच्या लहान लहान बाटल्या. मंडळातली माणसं आली होती, कॉलेजातले काही, शेजारी. देवळातले नेहमीचे गुरुजी भारतात गेले होते, म्हणून दुसऱ्या गावच्या देवळातून एक तरुण गुरुजी आले. त्यांना उमाठे कुटुंबाची काहीच माहिती नव्हती. ते तयारी करत होते, दर्भ, तांदूळ, तीळ मांडत होते. मांडता मांडताच त्यांनी सहज विचारलं, ‘मुलगा कोण? पुढे या.’

हॉलमधली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणीच त्यांना आधी सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं दुसऱ्यानं सांगितलं असेल. आपल्या लोकांत हे असं होतं. कठीण गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरलेली असते आणि कोणीच बोललेलं नसतं.

गुरुजींनी मान वर करून पाहिलं. त्यांना वाटलं मुलगा वाटेत आहे. फार सौजन्यानं ते शालिनीताईंना म्हणाले, ‘काकू, मुलगा यायचा असेल तर आपण थांबू. हॉलवाले देतील वेळ. त्याच्याशिवाय सुरू नको करायला. थांबायचं का?’

मी पुढे झालो. गुरुजींच्या कानात सांगून बाजूला घ्यावं असं मनात होतं. शालिनीताईंनी हात आडवा धरून मला अडवलं. त्या उठून उभ्या राहिल्या. पांढरी साडी कोणाची तरी मागून आणलेली होती, नेसायची सवय गेलेली, निऱ्या सुटत होत्या. सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी एकदा शवपेटीकडे पाहिलं. विनायकरावांना टाय बांधलेला होता.

‘थांबू नका,’ त्या म्हणाल्या. ‘मुलगा गेला.’

आवाज वर्गात असायचा तसाच होता, मागच्या बाकापर्यंत जाईल असा. गुरुजी ओशाळले. काहीतरी बोलायचं म्हणून, किंवा संकल्पात लागतं म्हणून, हलकेच विचारते झाले, ‘कधी, काकू?’

शालिनीताईंनी सुटत्या निऱ्या हातानं सावरल्या.  मग म्हणाल्या, ‘यांच्या आधी.’

पहिल्या रांगेतल्या कोणाला तरी हुंदका आला. ताईंना नाही आला. ‘मी करते यांचं,’ त्या गुरुजींना म्हणाल्या. ‘काय करायचं ते सांगा. आणि हे झालं की त्याचंही करायचं आहे. यांना करायचं होतं, राहून गेलं. तेही मीच करते.’ गुरुजींनी होकार दिला. त्यांनी सांगितलं तसं ताई करत गेल्या, तीळ सोडले, पाणी सोडलं, प्रदक्षिणा घातली. आत भट्टीच्या खोलीत इकडे मुलाला बटण दाबायला सांगतात. ते त्यांनी दाबलं.  मी बाजूला उभा होतो आणि मला रडू आवरत नव्हतं. त्यांच्यासमोर रडायची लाज वाटली, पण आवरत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मला परगावी जावं लागलं. पुढच्या आठवड्यात अमरावतीहून त्यांचा भाचा आला, आणि मी परतायच्या आत त्यांना घेऊनही गेला. आता त्या तिकडेच असतात. हुनवार्टचे गठ्ठे कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत, शेवटचं प्रकरण न लिहिलेलं. फोन केला तर भाचा बोलतो, मावशी बऱ्या आहेत म्हणतो. म्हणजे मला त्या शेवटच्या दिसल्या त्या त्याच दुपारी.

फ्युनरल होमचं सगळं उरकल्यावर मी त्यांना घरी सोडायला निघालो. घरी मंडळाच्या बायका जेवण घेऊन येणार होत्या. ताईंनी पट्टा लावला, साडीचा पदर मांडीवर गोळा केला.

‘हायवे नको,’ त्या म्हणाल्या. ‘आतल्या रस्त्यानं चला. घाई नाही.’

मी बरं म्हणालो. पहिल्या सिग्नलला मी काहीतरी विचारायला वळलो तर त्या झोपलेल्या होत्या. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. त्या ऑक्टोबरापासून बाई झोपत नाही, रात्रभर फिरत असते, असं विनायकराव मला सांगायचे. मी हळू चालवत राहिलो, मागचे लोक हॉर्न वाजवून पुढे गेले. घरासमोर बायका डबे घेऊन दाराशी उभ्या होत्या. मी त्यांना खिडकीतून हात करून थांबायला सांगितलं, इंजिन चालू ठेवलं आणि हीटर थोडा वाढवला.